पत गेली, म्हणून तोंड लपवायचे का?

आपल्या समाजात माणूस आजारी पडला तर विहारात सांगतो. नोकरी गेली तर सांगतो. पोराची ॲडमिशन हुकली तर चारचौघांत उघड बोलतो. कर्ज थकले हे मात्र कोणी सांगत नाही. आम्हीही दोन वर्षे सांगितले नाही. त्याची किंमत आम्ही एकट्यांनी मोजली असती तर हा लेख लिहिला नसता. ती आमच्या पुतणीने मोजली, म्हणून लिहितो आहोत.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. राहणार प्रतापनगर, नागपूर. मूळचे इंदोऱ्याचे. 2016 मध्ये भाड्याने का होईना, प्रतापनगरात राहायला आलो तेव्हा घरमालकाने आधी आडनाव विचारले आणि मग बराच वेळ विचार केला. त्या इमारतीत आपल्या समाजाचे घर आमचे एकटेच. दारावर बाबासाहेबांचा फोटो लावला तेव्हाच मनाशी ठरवले होते, की आपल्या वागण्याने आपल्या लोकांना कोणी नाव ठेवता कामा नये. हे ओझे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. सवर्णाने कर्ज बुडवले तर तो माणूस बुडव्या ठरतो, आपण बुडवले तर जात बुडवी ठरते. आम्ही तोंड लपवले त्याचे मूळ इथे आहे.

धंदा आणि त्याचे दिवाळे

2018 मध्ये आम्ही फ्लेक्स आणि डिजिटल छपाईचे दुकान काढले. आमचा धंदा समाजाच्या कॅलेंडरवर चालायचा. 14 एप्रिलचे बॅनर, बुद्ध पौर्णिमेच्या पत्रिका, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या मंडळांचे फलक, मधल्या काळात लग्ने. मशीनसाठी एका फायनान्स कंपनीकडून 6 लाख रुपये घेतले. पाच वर्षांची मुदत, 18 टक्के व्याज, महिन्याचा हप्ता 15,236 रुपये. तारण द्यायला आमच्याकडे काही नव्हते. शेत नाही, प्लॉट नाही, वडिलांच्या नावावर इंदोऱ्यातली एक खोली, तीही चार भावांत. मग जामीन राहिले दादा. दादा म्हणजे चुलत मोठे बंधू, राज्य सरकारच्या एका खात्यात लिपिक.

दादांची सही मिळाली आणि आठ दिवसांत कर्ज मंजूर झाले. तेव्हा आम्हाला वाटले, ही आमच्या धंद्याची पत. ती दादांच्या पगारपत्रकाची पत होती. आपल्या घराघरांत हेच आहे. राखीव जागेवर एक जण नोकरीला लागतो आणि त्याच्या एका पगारपत्रकावर भाऊ, मेहुणा, साळा, भाचा असे सगळे उभे राहतात. कोणाच्या रिक्षाला जामीन, कोणाच्या दुकानाला जामीन, कोणाच्या घराच्या कर्जात सहकर्जदार. ज्यांच्या मागे वाडवडिलांची जमीन आहे ते जमीन तारण ठेवतात. आपण माणूस तारण ठेवतो.

वीस हप्ते आम्ही एकही तारीख न चुकवता भरले. मग मार्च 2020 आला. त्या वर्षीची जयंती आपण सगळ्यांनी घरात बसून साजरी केली. दीक्षाभूमीवरचा मोठा कार्यक्रमही त्या वर्षी झाला नाही. आमचे वर्षाचे दोन्ही हंगाम गेले. रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा आधी तीन महिने आणि मग वाढवून 31 ऑगस्ट 2020 पर्यंत दिली. ती घेताना आम्हाला कोणी समजावून सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही, की व्याज थांबत नाही. सहा महिन्यांत आमची बाकी सुमारे 42,000 रुपयांनी वाढली. हप्ते पुन्हा सुरू झाले तेव्हा क्रेडिट कार्डावरून पैसे काढून भरले. एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने फेडले. मार्च 2021 मध्ये नागपुरात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला आणि आम्ही हात टेकले.

वसुलीची माणसे इमारतीच्या फाटकाशी उभी राहून आमचा फ्लॅट कोणता हे मोठ्याने विचारायची. रात्री साडेनवाला फोन यायचे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये लेखी बजावले आहे, की वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, कर्जदाराच्या नातेवाईकांत आणि ओळखीत त्याची अब्रू काढायची नाही. आमच्या वेळेला ते परिपत्रक नव्हते. असते तरी आम्ही तक्रार केली असती असे वाटत नाही. आम्हाला एकच चिंता होती, शेजाऱ्यांना कळता कामा नये.

नादारीचा कायदा कोणासाठी?

एका वकील मित्राला विचारले, की आता कोर्टात जाऊन दिवाळखोर म्हणून जाहीर होता येते का. त्याने सांगितलेली गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

मोठ्या कंपन्यांसाठी 2016 मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. कंपनी डबघाईला आली की ठराविक मुदतीत तोडगा काढायचा, कर्ज दिलेल्या बँकांनी मोठी रक्कम सोडून द्यायची आणि कारखाना नव्या मालकाकडे द्यायचा, अशी तिची रीत. त्याच संहितेच्या तिसऱ्या भागात साध्या माणसासाठीही तरतूद लिहिलेली आहे. वर्षाचे उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, कर्ज 35,000 च्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाला कर्जातून मोकळे करून नवी सुरुवात करू देण्याची ही तरतूद आहे. आकडे इतके तुटपुंजे आहेत, की आमच्यासारखा दुकानदारही त्यात बसत नाही. आणि जो बसतो त्यालाही ती मिळत नाही, कारण तो भाग अजून लागूच केलेला नाही. 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी.

मग नागपूरच्या माणसाने जायचे कुठे? 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याकडे. मुंबईसाठी तर त्याहून जुना, 1909 चा वेगळा कायदा आहे. इंग्रज गेले, संविधान आले, पण गरीब कर्जदार अजून इंग्रजांच्याच कायद्यात अडकलेला आहे. मित्र म्हणाला, अर्ज करता येतो, पण वर्षे जातील. शिवाय नादार ठरलेला माणूस त्यातून मुक्त होईपर्यंत आमदार-खासदारही होऊ शकत नाही. हे ऐकून आम्ही हसलो. आमदारकीचे आम्हाला पडले नव्हते. पण त्या अटीमागचा विचार टोचला. ज्याचे कर्ज थकले तो प्रतिनिधी होण्याच्या लायकीचा नाही, असेच तो सांगतो.

तेव्हा आमचे दिवाळे निघाले, पण कायद्याने आम्ही दिवाळखोर ठरलो नाही. आम्ही मशीन विकली, घरातले सोने मोडले आणि डिसेंबर 2021 मध्ये फायनान्स कंपनीशी तडजोड केली. 3 लाख 30 हजार रुपये एकरकमी दिले. 1 लाख 90 हजार त्यांनी सोडले. कार्डांची देणी वेगळी मिटवली. घरी येऊन त्या रात्री आम्ही शांत झोपलो. सुटलो असे वाटले.

पुतणीचा ऑगस्ट

ऑगस्ट 2022 मध्ये दादांच्या मुलीला पुण्याच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात जागा मिळाली. शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार लागतो. दादांनी अर्ज केला आणि बँकेच्या शाखेने तो परत पाठवला. कारण विचारले तर दादांच्या पत अहवालाकडे बोट दाखवले. त्यात आमचे कर्ज होते. जामीनदार म्हणून दादांचे नाव होते. आणि तडजोड होऊन आठ महिने झाले तरी ते कर्ज थकीत म्हणून दिसत होते.

1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमात स्पष्ट आहे, की वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सही करताना दादांनी ते वाचले नव्हते. आम्ही तर त्यांना हप्ते थकल्याचेही सांगितले नव्हते, तडजोडीचेही नाही.

दादा प्रतापनगरला आले. रागावले नाहीत, त्याचे जास्त वाईट वाटले. एवढेच म्हणाले, "अरे, सांगून तर पाहायचं होतं. बसलो असतो ना सगळे. तू का बरं एकटाच भोगत राहिला?"

प्रवेशाची मुदत संपली. पुतणीने नागपुरातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पुढच्या वर्षी, मे 2023 मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने सांगितले, की विद्यार्थ्याचा सिबिल स्कोअर कमी आहे एवढ्या कारणावर शैक्षणिक कर्ज नाकारू नये, विद्यार्थी उद्याचे राष्ट्र घडवणारे आहेत. निकाल चांगला आहे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी तो हाताशी ठेवावा. आमच्या पोरीला त्याचा उपयोग झाला नाही.

नोंद वाचायला शिकलो

मराठीत पत या शब्दाला दोन अर्थ चिकटलेले आहेत. एक उधार मिळण्याची लायकी, दुसरा अब्रू. या दोन अर्थांच्या गोंधळात आम्ही दोन वर्षे घालवली. स्कोअर पडला म्हणजे आम्ही माणूस म्हणून पडलो, असे धरून चाललो. त्या ऑगस्टनंतर दादा, वहिनी, पुतणी आणि आम्ही दोघे असे पाच जण दादांच्या घरी बसलो आणि अहवाल पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. वाचल्यावर कळले, की ती एक नोंद आहे. तलाठ्याच्या सातबाऱ्यात चूक असते तशी तिच्यातही चूक असते. आणि सातबारा दुरुस्त करून घेता येतो तशी तीही करून घेता येते.

आम्ही जे केले ते क्रमाने सांगतो. कोणाला कामी येईल.

आधी सगळे अहवाल मागवले. देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. 2005 च्या कायद्याखाली त्या चालतात. 2017 पासून प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देणे बंधनकारक आहे. 300 ते 900 मधला तो आकडा पाहून घाबरायचे नाही. आकड्याखालची पाने वाचायची. आमचा आकडा 540 च्या आसपास होता. खाली दोन चुका सापडल्या. तडजोड झालेले कर्ज थकीत दाखवले होते आणि बंद केलेले एक कार्ड चालू दाखवले होते.

मग लेखी तक्रार केली. तडजोडीचे पत्र, पैसे भरल्याची पावती, बँकेचे स्टेटमेंट जोडले. चुका दुरुस्त व्हायला आम्हाला चार महिने लागले. आता नियम बदलला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेला आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 पासून लागू केला. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर 2022 पासून या चारही कंपन्या त्याच्या कक्षेत आहेत. तिथे तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

थकीत हा शब्द गेला तरी 'सेटल्ड' हा शब्द राहिला. सुटलो असे वाटणाऱ्या त्या रात्री आम्हाला हे माहीत नव्हते. 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण पैसे न मिळता मिटवलेले. पुढचा बँकवाला तो शब्द पाहून फाईल बाजूला ठेवतो, आणि असा इतिहास किमान सात वर्षे जपून ठेवला जातो. आम्ही फायनान्स कंपनीला पत्र लिहून विचारले, की सोडलेले 1 लाख 90 हजार भरले तर खाते 'बंद' अशी नोंद कराल का. त्यांनी लेखी होकार दिल्यावरच पैसे भरायला सुरुवात केली. आमच्यातला एक दुसऱ्याच्या प्रेसमध्ये कामाला लागला, दुसरीने घरून डीटीपीची कामे घेतली. आमच्याकडे काही मंडळांची उधारी तीन वर्षे पडून होती. लाजेपायी तीही मागितली नव्हती. ती मागितली. बहुतेकांनी दिली. अठरा महिन्यांत रक्कम फिटली, नादेय प्रमाणपत्र मिळाले, नोंद बदलली.

ते पैसे आम्ही कर्ज बुडवणे पाप आहे म्हणून भरले नाहीत. कंपनीने ते आपल्या हिशेबातून केव्हाच सोडले होते. आम्ही भरले ते दादांच्या नावापुढचा शब्द पुसण्यासाठी. ज्यांच्यामागे कोणी जामीनदार नाही आणि ज्यांना पोटाला चिमटा घ्यावा लागेल, त्यांनी हा हिशेब वेगळा करावा. आधी घर, मुलांचे शिक्षण, दवाखाना. मग ती नोंद.

शेवटी नवी पत उभी करायची होती. बँकेत 20,000 रुपयांची मुदत ठेव ठेवली आणि तिच्या तारणावर एक कार्ड घेतले. त्यावर महिन्याचा किराणा आणि विजेचे बिल एवढेच. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर खर्च नाही आणि बिल पूर्ण, तारखेच्या आधी. दहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकणे बंद केले, कारण प्रत्येक चौकशीची नोंद होते. 'सिबिल आठ दिवसांत वाढवून देतो' म्हणणारे दोघे भेटले, त्यांना चहा पाजून परत पाठवले. खरी नोंद पैसे देऊन कोणी पुसू शकत नाही आणि खोटी नोंद फुकटात दुरुस्त होते. आज 2025 संपताना आमचा आकडा 731 आहे. दादांचा त्याहून बरा.

मग प्रश्न सुटला का?

आमचा सुटला. समाजाचा नाही.

संविधान चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि त्याच चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत आहे. जुनी माणसे अजून त्याला रिझर्व्ह बँक चौक म्हणतात. आपली पोरे तिथे फोटो काढतात आणि अभिमानाने सांगतात, की बाबासाहेबांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. अभिमान रास्त आहे. पण ते स्वतः 1920 मध्ये अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी लंडनला परत गेले ते कशाच्या बळावर? सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले 5,000 रुपये उसने. आजच्या यंत्रापुढे तो तरुण उभा राहिला असता तर यंत्राने काय म्हटले असते? तारण नाही, पतइतिहास नाही, अर्ज नामंजूर. ते शिकू शकले कारण एका मित्राने माणूस पाहिला.

यंत्र जात विचारत नाही, हे खरे. ते फक्त विचारते, की आधी तुला कोणी कर्ज दिले होते का, तुझ्याकडे तारण काय आहे, अडचणीच्या महिन्यात तुला कोणी सांभाळून घेतले का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या पिढ्यांसाठी जातीनेच लिहून ठेवलेली आहेत.

आणि आता हा आकडा कर्जापुरता राहिलेला नाही. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत कर्जफेड चुकवलेल्या उमेदवाराला अपात्र ठरवणारी अट असते. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा कारणावरून रद्द केलेली एक नियुक्ती रद्दच ठेवली. म्हणजे शिक्षणासाठी कर्ज काढायचे, नोकरी नाही म्हणून हप्ता थकायचा आणि हप्ता थकला म्हणून नोकरी मिळायची नाही. आमची पुतणी आता बँकेच्या परीक्षांची तयारी करते. परवा तिने विचारले, "काका, माझ्या नावावर कुठं काही नाही ना?" तिच्या नावावर काही नाही. पण वीस-बावीस वर्षांच्या पोरीला हा प्रश्न पडावा, हे आम्हाला सहन झाले नाही.

म्हणून आमचे तीन मुद्दे. संहितेचा तिसरा भाग लागू करा आणि त्यातल्या मर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवा, ही मागणी आपल्या मोर्चांच्या निवेदनात आली पाहिजे. कर्ज थकले म्हणून सरकारी बँकेची नोकरी नाकारणारी अट आरक्षणाच्या मुळावर येते, हे आपल्या वकिलांनी मांडले पाहिजे. आणि तिसरे, ज्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही: प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार पत अहवाल वाचण्यासाठी ठेवा. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक बँकेत काम केलेला निवृत्त माणूस आणि दोन पोरे पुरेत. जामिनाच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद तिथे वाचून घ्या. हप्ता चुकणार असे दिसले तर चुकण्याच्या आधी तिथे येऊन सांगा.

आम्ही आमच्या विहारात सुरू केले आहे. पहिल्या रविवारी कोणीच आले नाही. दुसऱ्या रविवारी एक बाई आल्या आणि म्हणाल्या, शेजारणीसाठी विचारायचे आहे. आम्ही कागद पाहिला. शेजारणीचे नाव त्यांचेच होते. आम्ही काही बोललो नाही. आमचे अहवाल त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणालो, आधी हे वाचा. ही आमची शेजारीण.

त्या हसल्या. मग पिशवीतून बाकीचे कागद काढले.

जय भीम.